अर्ध्या टक्क्याची माणसे

31 जुलै 2024 रोजी भारतीय राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने एक छोटेखानी निवेदन काढले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला असण्याची शक्यता आहे, म्हणून तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तात्पुरते तोडले आहे, असा त्याचा आशय. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांनी मिळून उभारलेली ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांचे संगणकाचे काम पाहते. ती तुटली तशा जवळपास 300 लहान बँका तुटल्या. त्यांच्या खातेदारांचे यूपीआय थांबले, एटीएममधून पैसे निघेनात. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, आणि सगळ्या प्रकरणावर पडदा टाकणारे एक वाक्य वर्तमानपत्रांत छापून आले : देशाच्या एकूण पेमेंट व्यवहारांपैकी जेमतेम अर्ध्या टक्क्याला झळ बसली.

हे वाक्य वाचून आपण सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि आपला अपराध नेमका तिथेच सुरू होतो. त्या जुलै महिन्यात देशात यूपीआयचे सुमारे 1,440 कोटी व्यवहार झाले. फक्त यूपीआयचा हिशेब मांडला तरी अर्धा टक्का म्हणजे दिवसाला तेवीस लाख व्यवहार. तेवीस लाख वेळा कोणीतरी कोणाला तरी पैसे देणार होता. मोठ्या बँकेची सेवा तासभर अडखळली तर संध्याकाळच्या बातम्यांत चर्चासत्रे झडतात. इथे एका तडाख्यात 300 बँका अंधारात गेल्या, आणि आपण टक्केवारी पाहून पान उलटले.

कोण असतात ही अर्ध्या टक्क्याची माणसे? जाम नदीच्या एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून वेगळा जिल्हा केला. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, शेतात कापूस आणि संत्रा. इथल्या माणसाचा बँकेशी संबंध कसा असतो ते पाहा. राज्य सरकारच्या 'लाडली बहना' योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. 'समग्र' या राज्याच्या ओळखक्रमांकात नावाचे एक अक्षर चुकले तर कियोस्कवर खेटे घालावे लागतात. पीककर्ज सोसायटीतून, जिल्हा सहकारी बँकेतून येते. जुलैअखेर म्हणजे निंदण आणि डवरणीचा हंगाम. मजुरीचे पैसे त्याच दिवशी हातावर ठेवावे लागतात, आणि पाऊस उघडला की युरियाची पोती त्याच दिवशी उचलावी लागतात. असल्या गावात असल्या दिवशी खाते बंद पडले तर माणूस दुसरे कार्ड काढत नाही, कारण त्याच्याकडे दुसरे कार्ड नसते. तो सावकाराकडे जातो, दुकानदाराच्या वहीत नाव लिहितो किंवा मजुराला 'उद्या ये' म्हणतो. त्या मजुराच्या घरची त्या रात्रीची चूल कोणत्याच टक्केवारीत धरली जात नाही.

हे घडले कसे, ते आता नीट समजून घेऊ. सायबर हल्ला म्हटले की आपण गारपीट झाल्यासारखे आभाळाकडे पाहतो आणि हात जोडतो. पण हा दगा आभाळातून आलेला नव्हता.

जेनकिन्स नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळते आणि जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज वापरले जाते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी नवे काम पूर्ण केले की ते तपासायचे, जोडायचे आणि सर्व्हरवर चढवायचे, ही हमाली जेनकिन्स आपोआप करते. साहजिकच त्याच्याकडे पुष्कळ किल्ल्या सोपवलेल्या असतात : पासवर्ड, गुप्त संकेत, इतर सर्व्हरवर जाण्याचे परवाने. त्याला दुरून टाइप करून आज्ञा देण्याचीही सोय आहे. या आज्ञा वाचणाऱ्या भागात एक जुनी सवलत राहून गेली होती. आज्ञेत @ हे चिन्ह घालून त्यापुढे एखाद्या फाइलीचा पत्ता लिहिला, की सर्व्हर ती फाइल उघडे आणि तिच्यातला मजकूर त्या जागी भरे. विचारणारा कोण, त्याला हक्क आहे की नाही, हे तो तपासतच नव्हता. मग दुसऱ्या खंडात बसलेल्या, कसलाही पासवर्ड नसलेल्या माणसाने मुद्दाम अर्धवट आज्ञा पाठवायची. सर्व्हर 'आज्ञा चुकली' असे उत्तर द्यायचा, आणि त्या उत्तरातच गुप्त फाइलीच्या पहिल्या ओळी छापून यायच्या. थोडेसे अधिकार असतील तर अख्खी फाइल. त्यात किल्ल्या सापडल्या की पुढची मजल थेट सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवण्यापर्यंत.

ही फट सीव्हीई-2024-23897 या क्रमांकाने नोंदली गेली आणि धोक्याच्या मोजपट्टीवर तिला 10 पैकी 9.8 गुण मिळाले. जेनकिन्सच्या मंडळींनी 24 जानेवारी 2024 रोजी तिचा पॅच, म्हणजे फट बुजवणारी दुरुस्ती, जाहीर केला. त्यांनी ती जुनी सवलतच बंद करून टाकली. ज्यांना ताबडतोब नवी आवृत्ती घेणे जमणार नव्हते, त्यांनी आज्ञांची ती खिडकी तेवढी बंद करावी, असा तोडगाही सांगितला. यासाठी एक पैसा मागितला नाही. तरीही त्या महिनाअखेरीस इंटरनेटवर चाळणी लावणाऱ्या शॅडोसर्व्हर या संस्थेला जगभरात सुमारे 45 हजार जेनकिन्स सर्व्हर पॅचविना, उघड्यावर दिसत होते.

बंगळूरच्या क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने सी-एज प्रकरणाचा माग काढला. तिच्या अहवालानुसार हल्लेखोर शिरले ते सी-एजसोबत काम करणाऱ्या एका कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरमधून. त्या सर्व्हरची मांडणी चुकीची होती आणि फट हीच होती. जानेवारीत औषध आले, जुलैत रोग बळावला. मधले सहा महिने बाटली फडताळात पडून होती.

पॅच जाहीर होणे म्हणजे काय, हे सर्वसामान्य वाचकाने एकदा ध्यानात घेतले पाहिजे, म्हणजे या सहा महिन्यांचे वजन कळेल. पॅचसोबत जी सूचना निघते, तिच्यात फट कुठे आहे आणि ती कशी बुजवायची हे लिहिलेले असते. ती सूचना प्रामाणिक माणूस वाचतो, तशीच चोरही वाचतो. आदल्या दिवशीपर्यंत जे गुपित मोजक्या लोकांना ठाऊक होते, ते त्या क्षणी चावडीवर येते. जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फरक पाहून काही दिवसांतच हल्ल्याची हत्यारे तयार होतात आणि फुकट वाटली जातात. पुढचा प्रत्येक दिवस चोराच्या पारड्यात पडतो. पॅच निघण्याआधी लुटला गेलेला माणूस दुर्दैवी म्हणता येईल. पॅच निघून सहा महिने झाल्यावर लुटला गेलेला खातेदार दुर्दैवी नसतो. त्याचा कोणीतरी घात केलेला असतो.

हा एखाद्याच प्रकरणाचा दोष असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी विंडोजमधली एक भयंकर फट बुजवणारा पॅच दिला. 12 मे रोजी 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने त्याच फटीतून जगभरची इस्पितळे आणि कचेऱ्या जायबंदी केल्या. एवढा गाजावाजा होऊनही 27 जून रोजी 'नॉटपेट्या' या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमने तीच फट आणि चोरलेले पासवर्ड वापरून पुन्हा धुमाकूळ घातला. त्याची झळ न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली. मेर्स्क कंपनीच्या ताब्यातल्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले आणि कंटेनर अडकून पडले. मार्चमध्ये पॅच, मेमध्ये मार, जूनमध्ये पुन्हा मार. दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी सर्व्हर ओलीस धरले गेले. देशभरातून आलेले रोगी रांगेत उभे होते आणि केसपेपर कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. जाळ्याचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले.

आणि आपल्या घरचेच उदाहरण हवे तर पुण्याची कॉसमॉस बँक, स्थापना 1906. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेशेजारी आपली खोटी यंत्रणा उभी केली. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून नोटांचा पाऊस पडला. सोमवारी आणखी 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण 94.42 कोटी. तिथली फट निराळ्या जातीची होती, पण पुढचा क्रम ओळखीचा आहे. 19 ऑक्टोबर 2018 रोजी, म्हणजे घाव बसल्यानंतर दोन महिन्यांनी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवले. शिक्षा प्याद्यांना झाली, नियम उशिरा आले, आणि कॉसमॉसच्या घटनेनंतर जवळपास सहा वर्षांनीही सहकारी बँकांच्या दारात तोच प्रश्न उभा राहिला.

घाव बसल्यावरच जागे होण्याच्या या वृत्तीचे स्पष्ट चित्र सावरगावातच सापडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि सावरगाव व पांढुर्णा दोन काठांवरून एकमेकांवर दगडांचा मारा करतात. ही गोटमार. दरवर्षी शेकडो जखमी होतात, आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. प्रशासन मनाई हुकूम काढते, पोलिसांचा ताफा लावते, डॉक्टरांची पथके बसवते, रुग्णवाहिका सज्ज ठेवते. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले, लोकांनी पुन्हा दगड उचलले. जखमेनंतरची सगळी व्यवस्था चोख असते. जखम होऊ नये एवढे मात्र कोणाला ठरवता येत नाही, कारण रिवाज मोडायचा कोणी?

गोटमारीची छायाचित्रे पाहून पुण्या-मुंबईचा, नागपूर-भोपाळचा शिकलेला वाचक नाक मुरडतो. किती रानटी लोक, म्हणतो. थांबा, गृहस्थहो. तुमच्या वातानुकूलित सर्व्हर खोल्यांत बारमाही गोटमार चालू आहे. तिथेही जखमेनंतरची तयारी जय्यत असते : सायबर विमा, वकील, प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा, 'आपला पैसा सुरक्षित आहे' असा लघुसंदेश. फट बुजवण्याला तेवढी फुरसत नसते. शिवाय सावरगावचा माणूस निदान स्वतः नदीकाठी उभा राहतो आणि दगड स्वतःच्या डोक्यावर झेलतो. सर्व्हर खोलीत हलगर्जीपणा करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही. त्याचा दगड शंभर कोसांवरच्या निंदणाऱ्या बाईच्या कपाळावर बसतो. मग अधिक रानटी कोण?

हे असे का होते? तंत्रज्ञान अवघड आहे म्हणून होते, हे उत्तर मला मान्य नाही. जेनकिन्सचा पॅच लावणे हे जाणत्या माणसाचे थोड्या वेळाचे काम होते. खरे कारण आपल्या संस्कारांत आहे. आपला समाज नवे उभारणाऱ्याला पूजतो आणि उभे असलेले राखणाऱ्याला हलका समजतो. नव्या ॲपचे उद्घाटन असते, फीत असते, नारळ असतो, मंत्र्यासोबत छायाचित्र असते. 'आमच्या बँकेने या महिन्यात सगळे सर्व्हर अद्ययावत केले' म्हणून कोणाच्या गळ्यात हार पडलेला तुम्ही पाहिला आहे? नवा पूल बांधणाऱ्या आमदाराच्या नावाची पाटी लागते, जुन्या पुलाची डागडुजी करणाऱ्याला कोणी ओळखत नाही. शाळेची इमारत देणगीतून उभी राहते आणि तिचे संडास पाण्याविना बंद असतात.

याची पाळेमुळे जातीपर्यंत जातात, हे बोलायला आपण कचरतो. झाडणे, गटार उपसणे, मेलेले जनावर ओढणे ही ज्यांच्यावर गावाचे आरोग्य उभे आहे, तीच कामे आपण उतरंडीच्या तळाशी लोटली आणि ती करणाऱ्यांना गावकुसाबाहेर बसवले. राखणीचे, साफसफाईचे काम हीन, हा धडा आपण शतकानुशतके गिरवला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी यावर नेमके बोट ठेवले होते. ते गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांची कीर्तने आपल्याला आवडली, त्यांच्या नावाने आपण अभियाने काढली, विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. खराटा मात्र पुन्हा ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात दिला.

सर्व्हर खोलीत तीच उतरंड नव्या कपड्यांत वावरते. नवे ॲप बनवणारा वरच्या मजल्यावर बसतो. पॅच लावणारा बहुधा कंत्राटी असतो आणि त्याचे काम रात्री ठरते, कारण दिवसा व्यवहार थांबवून चालत नाही. त्याने 'दोन तास यंत्रणा बंद ठेवावी लागेल' म्हटले, की वरून विचारणा होते : 'आत्ताच कशाला? महिनाअखेर आहे.' महिनाअखेर सरली की सणवार, सणवार सरले की लेखापरीक्षण, लेखापरीक्षण सरले की निवडणूक. त्याने खूप जोर धरला तर तो 'कटकट्या' ठरतो. पुढे घात झाला की त्यालाच विचारतात, तू काय करत होतास?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. पॅच लावल्यानेच यंत्रणा कोसळली तर? 19 जुलै 2024 रोजी, सी-एज प्रकरणाच्या अवघ्या बारा दिवस आधी, तसेच झाले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडला आणि जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेव्हा भीती खोटी नाही. पण त्या प्रसंगातून शिकायचे काय? एकाच वेळी सगळीकडे सोडू नका, आधी वेगळ्या यंत्रावर चाचणी घ्या, मग टप्प्याटप्प्याने पुढे जा, आणि मागे फिरण्याची वाट ठेवा. शल्यक्रियेत धोका असतो म्हणून कोणी शहाणा डॉक्टर सडलेला पाय सहा महिने तसाच ठेवत नाही. 'पॅच मोडेल' या भीतीचा उपयोग आपण तयारीसाठी न करता आळसाला पांघरूण म्हणून करतो.

या भीतीच्या मुळाशी आपल्या न्यायाची एक उफराटी रीत आहे. पॅच लावताना तासभर सेवा बंद पडली तर लावणाऱ्याचे नाव सगळ्यांना कळते आणि त्याला नोटीस मिळते. पॅच न लावणाऱ्याचे नाव कधीच कोणाला कळत नाही, कारण न केलेल्या कामावर सही नसते. ज्या व्यवस्थेत काम करणाराच चुकतो आणि न करणारा कधीच चुकत नाही, तिथे शहाणा माणूस काय निवडेल?

आणि घात उघड झालाच, तर बळी द्यायला एक लहान माणूस शोधला जातो. हे आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीकडे कोट्यवधी लोकांच्या पतपुरवठ्याची माहिती होती. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या फटीचा पॅच मार्च 2017 मध्येच आलेला होता, कंपनीत अंतर्गत सूचनाही फिरली होती. पॅच लागला नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत हिंडत राहिले आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे माजी प्रमुख अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितले, एका कर्मचाऱ्याने सूचना पुढे पोहोचवली नाही. अवघ्या कंपनीचे भवितव्य एका माणसाच्या निरोपावर टांगून ठेवणारा प्रमुख निर्दोष, आणि निरोप विसरलेला दोषी! पाटलाची चूक कोतवालाच्या माथी मारण्याची ही चाल आपल्याला नवी नाही.

फुकटेपणाचाही हिशेब मांडला पाहिजे. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या छोट्याशा प्रोग्रॅममधली फट जगजाहीर झाली. तिला 10 पैकी 10 गुण होते. एखाद्या सर्व्हरच्या नोंदवहीत विशिष्ट मजकूर उमटेल असे केले, की तो सर्व्हर परक्याच्या आज्ञा पाळू लागे. जगातल्या बलाढ्य कंपन्या तो प्रोग्रॅम वापरत होत्या, आणि तो सांभाळत होते मूठभर स्वयंसेवक, आपापल्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात. रात्री जागून त्यांनी एकामागून एक दुरुस्त्या दिल्या, आणि वर शिव्याही खाल्ल्या. आपल्या बँका, सरकारी खाती, स्टार्टअप असल्याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर उभी आहेत. ते वापरायला हरकत नाही, ते त्यासाठीच वाटले जाते. पण फुकट मिळाले म्हणून त्याच्या पॅचकडेही न पाहणे म्हणजे सार्वजनिक विहिरीचे पाणी प्यायचे आणि गाळ उपसायच्या दिवशी दार लावून बसायचे.

आता आरोपपत्र.

पहिले आरोपी सहकारी बँकांचे संचालक. सहकार ही महाराष्ट्राची आणि त्याच्या सीमेवरच्या मराठी मुलुखाची पुण्याई. शेतकऱ्याच्या पैशावर तुम्ही खुर्चीत बसता, निवडणुकीला पॅनेल उभे करता, शाखेच्या दर्शनी भिंतीवर तसबिरी लावता. कर्ज कोणाला द्यायचे यावर तुमच्या बैठका रात्री उशिरापर्यंत रंगतात. बँकेचा सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे, त्या कंपनीने पुढे कोणाला काम दिले आहे, याची चर्चा तुमच्या इतिवृत्तात किती ओळी घेते? काम कंत्राटाने दुसऱ्याला देता येते. जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही.

दुसरे आरोपी आम्ही शिकलेले लोक. पुण्याच्या हिंजवडीपासून अमेरिकेच्या सॅन होजेपर्यंत मराठी इंजिनिअर जगाचे सर्व्हर सांभाळतात. मोठ्या ग्राहकासाठी एका रात्रीत पॅच लावणारे हे हात आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेसाठी कधी उठतात? गावच्या मंदिराच्या कळसाला देणगी पाठवतो, गावच्या सोसायटीच्या सर्व्हरची अवस्था एकदा तपासून द्यावी असे मनात येत नाही.

तिसरे आरोपी शासन. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याची सक्ती केली, ते योग्यच झाले. पण ती घटना सरकारला कळते, खातेदाराला कळत नाही. उलट नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनलाच, काही अपवाद सोडून, माहितीच्या अधिकाराबाहेर ठेवण्यात आले. चालू तपासातली नाजूक माहिती झाकली तर समजू शकते. तपास संपल्यावरही फट कोणती होती, पॅच कधी आला होता आणि किती दिवस लागला नाही, एवढ्या तीन गोष्टी जनतेला सांगायला कोणते राष्ट्रीय संकट ओढवते? विमान पडले की अपघाताचा अहवाल प्रसिद्ध होतो, आणि म्हणून पुढचे विमान अधिक सुरक्षित उडते. 300 बँका पडल्या तर अहवाल बासनात.

चौथे आरोपी आपण खातेदार. काउंटरमागून 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे तीन शब्द ऐकले की आपण निमूट परततो. 'का?' असे विचारत नाही. कियोस्कवर अंगठा लावतो, मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो, स्वतःच्या फोनवर आलेला अपडेट महिनोन्‌महिने 'नंतर'वर ढकलतो, आणि चोरी झाली की नशिबाला बोल लावतो. ज्या समाजाला आपल्या पैशाच्या राखणीबद्दल प्रश्न विचारायची लाज वाटते, त्याच्या पैशाची राखण कोणी कशाला करील?

उपाय अवघड नाहीत. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांशावर आणि जेवणावर जेवढी चर्चा होते, तिच्यातला अर्धा तास पुढील प्रश्नांना द्यावा. आपल्या बँकेच्या यंत्रणेला शेवटचा सुरक्षा पॅच कोणत्या तारखेला लागला? गंभीर फटीचा पॅच आल्यापासून किती दिवसांत लावलाच पाहिजे, असे कंत्राटात लिहिले आहे का, आणि न लावल्यास दंड कोणाला? आपला कंत्राटदार ज्यांच्याकडून काम करून घेतो, त्यांची तपासणी कोण करतो? धोका दिसला तर दोन तास यंत्रणा बंद ठेवण्याचा अधिकार नावानिशी कोणाला दिला आहे? तो वापरल्याबद्दल त्याला शिक्षा होणार नाही असा ठराव केला आहे का? आणि सेवा बंद पडली तर खातेदाराच्या मजुरीची, हुकलेल्या हप्त्याची भरपाई कोण देणार? यांची उत्तरे वार्षिक अहवालात छापून घ्यावीत. कर्जबुडव्यांची यादी मागणारा सभासद ही यादीही मागू शकतो, त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. तारीख विचारायला आणि तारीख वाचायला प्राथमिक शाळेचे शिक्षण पुरते.

संचालकांनी पॅच लावणाऱ्या माणसाला कंत्राटातून काढून कायम करावे, त्याला बैठकीत बसवावे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. रिझर्व्ह बँकेने आणि शासनाने प्रत्येक मोठ्या घटनेचा अहवाल ठरावीक मुदतीत, हिंदी-इंग्रजीबरोबर त्या भागाच्या भाषेतही प्रसिद्ध करावा, म्हणजे पांढुर्ण्याच्या खातेदाराला तो मराठीत वाचता येईल. इंजिनिअरांनी आपल्या गावच्या एकेका संस्थेची राखण पत्करावी.

यातले काहीही न करता आपण पुढच्या हल्ल्याची वाट पाहू शकतो. तो येईल, कारण हा मजकूर तुम्ही वाचत असतानाही कुठल्या तरी सॉफ्टवेअरचा पॅच निघाला आहे आणि कुठल्या तरी कचेरीत 'महिनाअखेर होऊ द्या' असे उत्तर मिळाले आहे. मग पोलिस परदेशी चोरांचा शोध घेतील, पत्रके निघतील, टक्केवारी छापून येईल. पण त्या गुन्ह्याची फिर्याद प्रामाणिकपणे लिहायची झाली, तर चोराचे नाव दुसऱ्या ओळीवर घालावे लागेल. पहिल्या ओळीवर पॅच फडताळात ठेवणाऱ्यांची आणि त्यांना कधीच तारीख न विचारणाऱ्या आपणा सर्वांची नावे येतील.